यंत्राची अंतःस्मृति : ती कशी वाढवावी व कशी जपावी



हल्लीं पुष्कळ घरांत एक लहानशी पेटी असते. ती कपाटाच्या कोपऱ्यांत नाहीं तर टेबलाखालीं पडलेली असते, आणि घरांतील सर्व संगणकांचीं छायाचित्रें, कागदपत्रें व गाणीं आपल्या डिस्कवर सांभाळीत असते. नेटवर्कच्या तारेनें ती सर्वांना जोडलेली असल्यामुळें तिला नेटवर्क स्टोरेज अथवा ‘नॅस’ असें म्हणतात. तिच्या मालकाला विचारलें, कीं तुमच्या यंत्राची स्मृति किती, तर तो डिस्कचा आंकडा सांगेल : दोन टेराबाइट, चार टेराबाइट. परंतु या यंत्राला आणखी एक स्मृति असते. डिस्कच्या मानानें ती अगदींच क्षुल्लक असते, आणि मालकाला बहुधा तिचें नांवहि ठाऊक नसतें. तरी यंत्र जागें होतें तें तिच्यामुळें. वखारींत धान्य कितीहि असलें, तरी वखार उघडून तें मोजून देणारा माणूस अंथरुणास खिळला, तर गिऱ्हाइकाला रित्या हातानें परत जावें लागतें. तशीच ही गोष्ट आहे. ही अंतःस्मृति म्हणजे फ्लॅश. ती कशी असते, अपुरी पडल्यास कशी वाढवावी, आणि बिघडण्यापूर्वीं तिची नक्कल कशी करून ठेवावी, हें मी आज सांगणार आहें.

फ्लॅश-स्मृति तोशिबा कंपनींतील जपानी संशोधक फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं विद्वानांपुढें मांडली. तिच्यांतील मजकुराचा मोठा भाग एकदम पुसला जातो. तें पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली व त्यावरून तिला हें नांव पडलें, असें सांगतात. तिच्या प्रत्येक कोशांत विद्युत्-रोधक थरानें वेढलेला एक सूक्ष्म कप्पा असतो. त्यांत इलेक्ट्रॉन कोंडले म्हणजे ‘शून्य’ लिहिलें गेलें, आणि ते काढून घेतले म्हणजे ‘एक’ झाला. वीज बंद केली तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षें तेथेंच राहतात. म्हणून ही स्मृति टिकते. मात्र तिचा स्वभाव थोडा चमत्कारिक आहे. एकाचें शून्य हव्या त्या ठिकाणीं करतां येतें; परंतु शून्याचा पुन्हां एक करावयाचा, तर तो सबंध खंडच पुसावा लागतो. पाटीवर अक्षर कोठेंहि काढावें, पण पुसावयाची झाल्यास सगळी पाटी पुसावी, असा तिचा नियम आहे. शिवाय प्रत्येक वेळीं पुसतांना तो पातळ थर किंचित् झिजतो.

या स्वभावांतून दोन गोष्टी निघतात. पाटी पुसली आणि नवें लिहिण्यापूर्वीं वीज गेली, तर जुनेंहि गेलें व नवेंहि नाहीं. आणि ज्या ठिकाणीं क्षणोक्षणीं लिहावें लागतें, त्या कामीं ही स्मृति लावूं नये. पुढील सर्व विवेचन या दोन गोष्टींवर उभें आहे.

उदाहरणासाठीं मी एक जुनेंच यंत्र घेतों : लिंकसिस कंपनीनें २००४ सालीं काढलेलें एनएसएलयू-२. त्याचें उत्पादन केव्हांच बंद झालें आहे. परंतु त्याच्यांत लिनक्स असल्यामुळें कंपनीला त्याचा मूळ प्रोग्रॅम प्रसिद्ध करावा लागला, आणि हौशी मंडळींनीं त्याचा कानाकोपरा धुंडाळला. शवविच्छेदन झालेलें शरीर विद्यार्थ्याला जसें उपयोगी पडतें, तसें हें यंत्र आपल्याला उपयोगी आहे. तें तळहाताएवढें आहे. त्याला स्वतःची डिस्क नाहीं. यूएसबीचीं दोन भोकें आहेत, त्यांत डिस्क जोडावयाची. कामाची स्मृति ३२ मेगाबाइट, आणि अंतःस्मृति अवघी ८ मेगाबाइट, म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. ती १२८ किलोबाइटच्या ६४ खंडांची बनलेली आहे.

या इवल्याशा जागेंत व्यवस्था मात्र चोख आहे. पहिल्या २५६ किलोबाइटांत ‘रेडबूट’ नांवाचा प्रोग्रॅम असतो. वीज येतांच प्रथम तोच जागा होतो व इतरांना उठवितो. त्याच्या शेजारीं १२८ किलोबाइटांत मालकानें ठरविलेल्या गोष्टी असतात. त्यापुढें लिनक्सचा गाभा, आणि उरलेल्या बहुतेक जागेंत बाकीची सर्व प्रणाली दाबून बसविलेली असते. मालकाला एखादा नवा प्रोग्रॅम घालावासा वाटला, कीं जागा संपलीच.

ही स्मृति वाढविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे जुनी चिप उचकटून तिच्या जागीं मोठी डाखणें. असें करणारे लोक झाले. परंतु तें काम सराईत हाताचें आहे, आणि त्याची शिफारस मी करणार नाहीं. दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा. फ्लॅश आहे तेवढीच ठेवावी, तिनें फक्त यंत्र जागें करावें, आणि प्रणालीचा मुख्य संसार बाहेरच्या डिस्कवर हलवावा. एनएसएलयू-२ साठीं तयार झालेल्या ‘अनस्लंग’ या फर्मवेअरनें नेमकें हेंच केलें. यंत्र सुरू होतांना तें डिस्क जोडलेली आहे कीं नाहीं हें पाही. असल्यास डिस्कवरच्या प्रणालीच्या हातीं कारभार देई, नसल्यास आंतल्याच प्रणालीवर भागवी. यांतला मोठा गुण हा, कीं बाहेरच्या प्रणालींत कांहीं घोटाळा झाला, तर डिस्क काढून यंत्र सुरू करावें; तें मूळच्या रूपांत उभें राहतें. डेबियनची २००७ सालची आवृत्तीहि या यंत्रावर चाले. पण तींत फ्लॅशमध्यें गाभा व आरंभापुरतें सामान तेवढें राही, म्हणून डिस्कवांचून यंत्राचा कारभार चालत नसे. आजच्या राउटरांवर ओपनडब्ल्यूआरटी घालणारे लोक यूएसबीवर जागा वाढवितात, तीहि याच तत्त्वानें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुष्कळ लोक डिस्कऐवजीं लहानशी यूएसबी-काडी जोडतात. ती काडी म्हणजेहि फ्लॅशच! प्रणाली तिच्यावर रोजनिशी लिहीत राहिली आणि स्वॅपहि तिच्यावरच ठेवला, तर ती झिजून जाईल. काडीच वापरावयाची असेल, तर रोजनिशी कामाच्या स्मृतींत ठेवावी व स्वॅप टाळावा.

आतां नकलेकडे वळूं. लिनक्समध्यें फ्लॅशच्या या विभागांना ‘एमटीडी’ म्हणतात, व त्यांची यादी आणि आकार प्रणाली स्वतःच दाखविते. ती यादी प्रथम उतरून घ्यावी. मग ‘डीडी’ या आज्ञेनें एकेक विभाग वाचून त्याची वेगळी फाइल करावी. वाचल्यानें फ्लॅशला कांहीं इजा होत नाहीं. म्हणून येथें भिण्याचें कारण नाहीं. प्रत्येक फाइलीचा आकार यादींतल्या आंकड्याशीं बरोबर जुळला पाहिजे. यंत्रावर दुसरें काम चालूं नसतांना तोच विभाग पुन्हां वाचावा व दोन्ही प्रतींची चेकसम ताडून पाहावी. त्या भिन्न निघाल्या, तर ती नक्कल विश्वासाची नव्हे.

ही नक्कल त्याच यंत्राच्या डिस्कवर ठेवणें म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरींतच ठेवणें होय. ती दुसऱ्या संगणकावर ठेवावी. तिच्यांत आपले संकेतशब्दहि असूं शकतात, म्हणून ती कोणाच्या हातीं देऊं नये. तसेंच, एनएसएलयू-२ मध्यें रेडबूटच्या विभागांतच त्या यंत्राचा नेटवर्कवरील स्वतंत्र पत्ता कोरलेला असतो. शेजाऱ्याच्या यंत्राची नक्कल आपल्या यंत्रांत जशीच्या तशी घातली, तर एकाच पत्त्याचीं दोन यंत्रें होतील.

रेडबूटच्या विभागावर, शक्य तोंवर, कधींच लिहूं नये. तो शाबूत असेल तर बाकीचें सर्व बिघडूनहि यंत्र वांचतें : रिसेटची कळ दाबून धरून वीज चालू करावी, दिवा तांबडा झाला कीं ती सोडावी, आणि शेजारच्या संगणकावरून नेटवर्कच्या तारेनें नवी प्रणाली पाठवावी. पण तोच गेला, तर यंत्र उघडून जेटॅगच्या तारा डाखण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

आतां माझ्याच उतावीळपणाची एक हकीकत सांगतों. एका पावसाळ्यांत मी अशाच एका पेटीवर नवें फर्मवेअर चढवीत होतों. नक्कल केली नव्हती, आणि आकाश भरून आलेलें दिसत असतांहि थांबलों नाहीं. मध्येंच वीज गेली. ती परत आल्यावर पेटी उठेना. तिच्या डिस्कवर माझ्या वडिलांच्या आवाजांतील कांहीं ध्वनिमुद्रणें होतीं. ते त्यापूर्वीं दोन वर्षें निवर्तले होते. घाबरून मीं ती डिस्क घरच्या संगणकाला जोडली. ‘ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करावी लागेल, करूं काय?’ असा प्रश्न पडद्यावर आला. माझें बोट कळेवर होतें. तेवढ्यांत आईनें विचारलें, “अरे, तें पेटीचें बिघडलें, कीं डिस्कचें?” त्या एका प्रश्नानें मी भानावर आलों. बिघडली होती ती पेटीची अंतःस्मृति. डिस्कला कांहींच झालें नव्हतें. तिची मांडणी लिनक्सची होती व घरच्या संगणकाला ती वाचतां येत नव्हती, एवढेंच. लिनक्स चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाला जोडतांच वडिलांचा आवाज ऐकूं आला. धान्य वखारींत तसेंच होतें. आजारी पडला होता तो वखारदार.

म्हणून माझें शेवटचें सांगणें असें. अंतःस्मृतीची नक्कल यंत्राला वांचविते, डिस्कची नक्कल आपल्या ठेव्याला वांचविते. एकीनें दुसरीचें काम होत नाहीं. आणि ज्यानें प्रणालीचा संसार बाहेरच्या डिस्कवर हलविला आहे, त्यानें त्या डिस्कवरील प्रणालीचीहि नक्कल ठेविली पाहिजे, कारण यंत्राचा कारभार आतां तेथून चालतो. फर्मवेअर चढवितांना यूपीएसचा आधार घ्यावा, आकाशाकडे पाहावें, आणि संगणकानें पुसण्याची परवानगी मागितली, तर प्रथम ‘नाहीं’ म्हणावें. ‘होय’ म्हणण्यास पुढें सवड असतेच. परंतु एकदां दिलेला होकार परत घेतां येत नाहीं.