बाल हक्क आयोग : शाळेच्या तक्रारीत त्याचे काम काय?



शाळेने मुलाला प्रवेश नाकारला किंवा वर्गात मारलं, की कुणीतरी म्हणतंच, "सरळ आयोगाकडे जा." पण हा आयोग म्हणजे काय आणि तो काय करू शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आज तेच समजून घेऊया.

आयोगाची रचना :-
बालहक्क संरक्षण आयोग अधिनियम २००५ नुसार राज्य आयोगात एक अध्यक्ष आणि सहा सदस्य असतात. सदस्यांमध्ये किमान दोन महिला हव्यात. शिक्षण, बालआरोग्य, बालमजुरी निर्मूलन, बाल मानसशास्त्र अशा क्षेत्रांतला अनुभव पाहून राज्य सरकार त्यांची नेमणूक करतं. मुदत तीन वर्षांची असते. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग पाहतो.

शाळेशी संबंध कसा?
१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलांच्या या हक्कावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कलम ३१ ने आयोगावर टाकली.

तक्रार कुठे करायची?
इथेच गोंधळ होतो. कलम ३२ प्रमाणे पहिली लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे करायची. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असं कायदा सांगतो. तो निर्णय पटला नाही, तर आयोगाकडे अपील करता येतं. म्हणून तक्रारीची पोच तारखेसह नक्की घ्या. पुढे तोच कागद कामी येतो.

आयोगाचे अधिकार :-
चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. साक्षीदाराला बोलावणं, शपथेवर जबाब घेणं, कागदपत्रं मागवणं हे तो करू शकतो. मात्र शिक्षा सुनावण्याचं काम त्याचं नाही. चौकशीत हक्क डावलल्याचं दिसलं, तर तो सरकारकडे कारवाईची शिफारस करतो किंवा उच्च न्यायालयात दाद मागू शकतो. शिफारशीला वजन येतं ते पुराव्यामुळे. तोंडी सांगितलेलं तिथे टिकत नाही.

एक उदाहरण पाहा. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाचं मूल गावातल्या जिल्हा परिषद शाळेत येतं. आधीच्या शाळेचा दाखला हातात नाही, जन्माचा पुरावाही नाही. कलम ५ म्हणतं, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरीही कुणी परत पाठवलं, तर ही तक्रार होऊ शकते.

आणि अशी तक्रार फक्त पालकांनीच करावी असं नाही. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असा शब्द आहे. त्या मुलाच्या आईवडिलांना अर्ज लिहिता येत नसेल, तर तो आपण शिक्षकही लिहू शकतो.