फंक्शन काय परत देतं, हे लिहून ठेवताना

फाइल सिस्टिममधलं एखादं मोठं फंक्शन उघडून पाहा. प्रत्यक्ष काम करणाऱ्या ओळी थोड्या आणि काम अडलं तर काय करायचं, हे सांगणाऱ्या ओळी जास्त, असं अनेकदा दिसतं. कारणही तसंच आहे. डिस्क भरते, एखादा ब्लॉक वाचता येत नाही, मेमरी मिळत नाही, वापरणाऱ्याचा कोटा संपतो, नेटवर्कपलीकडचा सर्व्हर उत्तर देत नाही. यातलं काहीही झालं तरी फंक्शन बोलावणाऱ्या कोडच्या हाती शेवटी एक आकडाच पडतो. त्या आकड्याचा अर्थ काय आणि तो मिळाल्यावर पुढे काय करायचं, हे फंक्शनच्या वरच्या कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. लिनक्स कर्नलमध्ये हे कसं लिहितात आणि कसं लिहायला हवं, ते पाहू.

रूढ पद्धत सोपी आहे. काम झालं तर 0, फसलं तर ऋण आकडा. फाइल किंवा डिरेक्टरी सापडली नाही तर ई-नोएंट, म्हणजे उणे 2. डिस्कशी देवाणघेवाण फसली तर ई-आयओ, उणे 5. जागा संपली तर ई-नोस्पेस, उणे 28. फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती असेल तर ई-रोएफएस, उणे 30. कर्नलच्या बाहेर येताना सी लायब्ररी हा ऋण आकडा धन करून एररनोमध्ये ठेवते आणि प्रोग्रॅमला उणे 1 देते. म्हणून कर्नलमधल्या फंक्शनची कॉमेंट लिहिताना उणे चिन्ह गाळायचं नाही. ते गाळलं तर वाचणाऱ्याला हे फंक्शन धन आकडा देतं असं वाटेल, आणि तो तपासणीची अट उलटी लिहील.

पॉइंटर देणाऱ्या फंक्शनांची तऱ्हा निराळी. तिथे कर्नल अ‍ॅड्रेसच्या अगदी वरच्या टोकाचे 4095 आकडे एरर कोडसाठी राखून ठेवतो आणि कोड पॉइंटरच्या रूपातच परत पाठवतो. असा पॉइंटर नल नसतो. बोलावणाऱ्याने फक्त नल आहे का एवढंच तपासलं, तर तो तपासणीतून सुखरूप पुढे जातो आणि पहिल्याच वापराला कर्नल कोसळतो. याच्या उलटही होतं: फंक्शन अपयश आल्यावर नल देतं आणि बोलावणारा एरर-पॉइंटर शोधत बसतो. त्यामुळे ‘अपयश आल्यास एरर-पॉइंटर, नल कधीच नाही’ हे छोटं वाक्य लाखमोलाचं आहे.

हे सगळं लिहायला कर्नल-डॉक नावाची ठरलेली मांडणी आहे. कॉमेंट तिरप्या रेघेने आणि दोन ताऱ्यांनी सुरू होते. पहिल्या ओळीत फंक्शनचं नाव आणि एका वाक्यात त्याचं काम, मग एकेका पॅरामीटरची ओळख, लागेल तिथे सविस्तर वर्णन, आणि त्यानंतर ‘रिटर्न’ हा विभाग. इथे एक तांत्रिक खाच आहे. या विभागात प्रत्येक कोड नुसत्या नव्या ओळीवर लिहिला, तर दस्तऐवज तयार होताना त्या सगळ्या ओळी एका परिच्छेदात मिसळून जातात. कोड वेगवेगळे दिसायला हवे असतील, तर ते यादीच्या खुणा देऊन लिहावे लागतात. ‘रिटर्न’ विभाग राहिला असेल तर तो पकडणारा तपासणीचा पर्यायही कर्नल-डॉकच्या साधनात आहे. मात्र विभाग आहे की नाही, एवढंच साधनाला कळतं. त्यात लिहिलेलं खरं आहे का, हे माणसालाच पाहावं लागतं.

खरेपणाचा प्रश्न किती मोठा आहे, ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या सिंडी रुबिओ-गोन्झालेझ आणि बेन लिब्लिट यांनी 2010 मध्ये दाखवून दिलं. लिनक्सच्या 52 फाइल सिस्टिम आणि फाइलशी संबंधित 42 सिस्टिम कॉल त्यांनी घेतले. कोणत्या कॉलमधून कोणते कोड बाहेर येऊ शकतात, हे प्रोग्रॅमच्या विश्लेषणाने काढलं आणि ते मॅन्युअलच्या पानांशी ताडून पाहिलं. मॅन्युअलमध्ये ज्यांचा उल्लेखच नाही, अशा 1,700 हून अधिक नोंदी निघाल्या. एकही फाइल सिस्टिम आणि एकही कॉल यातून सुटला नव्हता. त्याआधी 2008 मध्ये याच विद्यापीठातल्या संशोधकांनी एरर कोड एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेतच टाकून दिला जातो का, हे तपासलं होतं. त्यांनी पाहिलेल्या सुमारे 13 टक्के ठिकाणी तो तसा टाकला जात होता. कॉमेंट लिहायला बसलेल्या माणसाला ही दुसरी चूकही सापडते, कारण त्याला प्रत्येक कोडचा माग काढावा लागतो.

माग काढायचा तो वरून खाली. आधी फंक्शन स्वतः कोणते कोड ठरवून देतं ते टिपायचं. ते डोळ्यांना दिसतात. मग ते ज्यांना बोलावतं त्या फंक्शनांकडून काय येतं आणि जसंच्या तसं वर जातं, ते पाहायचं. खरी अडचण इथे येते. एक्स्ट-फोर या फाइल सिस्टिमचं उदाहरण घ्या. कोणताही बदल करण्याआधी ते जर्नलमध्ये व्यवहार उघडतं. आधीच्या एखाद्या बिघाडामुळे जर्नल बंद पडलेलं असेल, तर हा व्यवहार उघडतानाच ई-रोएफएस मिळतो. फाइल सिस्टिम लिहिण्यासाठी माउंट केलेली असूनही ‘फक्त वाचा’ असं उत्तर येतं, ते यामुळे. खालून आलेला प्रत्येक कोड नावानिशी लिहिणं शक्य नसेल, तर तो कोणत्या थरातून येतो ते लिहावं. ‘अपयश आल्यास ऋण आकडा’ एवढ्यावर थांबणारी कॉमेंट मात्र मला अपुरीच वाटते. बोलावणाऱ्याला तेवढं आधीपासून ठाऊक असतं.

यशाची बाजूही गृहीत धरता येत नाही. एक्स्ट-फोरमध्ये फाइलमधली जागा डिस्कवरच्या ब्लॉकशी जोडून देणारं फंक्शन तीन प्रकारची उत्तरं देतं. धन आकडा म्हणजे इतके ब्लॉक जोडले. ऋण आकडा म्हणजे चूक. आणि नुसतं शोधायला सांगितलेलं असताना 0 आला, तर त्या जागी ब्लॉकच नाही, फाइलमध्ये पोकळी आहे. ‘0 म्हणजे यश’ या सवयीने इथे कोणी कोड लिहिला, तर पोकळीलाच डेटा समजेल. या फंक्शनच्या वरची कॉमेंट हे तिन्ही अर्थ सांगते, म्हणून मी ती नमुना मानतो.

त्याहून अवघड प्रकरण आहे डिरेक्टरीत नाव शोधणाऱ्या लुकअपचं. प्रत्येक फाइल सिस्टिम हे फंक्शन स्वतः लिहिते आणि व्हीएफएस हा वरचा सामाईक थर ते बोलावतो. नाव सापडलं नाही तर ई-नोएंट द्यावा, हे कोणालाही साहजिक वाटेल. पण तसं करायचं नाही. नाव नसेल तर डेंट्रीला, म्हणजे मेमरीतल्या नावाच्या नोंदीला, रिकामा आयनोड जोडून ‘हे नाव इथे नाही’ अशी नोंद करायची आणि शांतपणे परतायचं. एरर कोड खऱ्या बिघाडासाठीच. नाहीतर नवी फाइल किंवा डिरेक्टरी तयार करणंच बंद पडेल, कारण निर्मितीच्या आधी ते नाव शोधलं जातं आणि ते नसणं हीच तिथे अपेक्षित स्थिती असते. कर्नलच्या व्हीएफएस दस्तऐवजात नियम आणि त्याचं हे कारण, दोन्ही लिहिलेली आहेत. कारण लिहिलं नसतं, तर एखाद्या होतकरू प्रोग्रॅमरने सुधारणा म्हणून तिथे ई-नोएंट घातला असता.

आता डेटा डिस्कवर उतरवायला लावणाऱ्या एफसिंक या कॉलकडे येतो. कोडचं नाव लिहिलं म्हणजे काम संपत नाही, हे त्याच्याइतकं लख्ख कुठेच दिसत नाही. प्रोग्रॅम राइट करतो तेव्हा डेटा सहसा मेमरीतल्या पानांवर जातो आणि यशाचं उत्तर लगेच मिळतं. डिस्कवर तो नंतर उतरतो. उतरताना चूक झाली तर ती सांगायला त्या क्षणी समोर कोणी नसतं. म्हणून कर्नल तिची नोंद ठेवतो आणि एफसिंक बोलावल्यावर ई-आयओ देतो. हा कोड मॅन्युअलमध्ये पूर्वीपासून होता. अपयशानंतर त्या पानांचं काय होतं, हे मात्र तिथून कळत नव्हतं. लिनक्सच्या अनेक फाइल सिस्टिम लेखन फसलेली पानं ‘स्वच्छ’ मानून मोकळ्या होतात. एफसिंक पुन्हा बोलावलं तर लिहायला काही उरलेलंच नसतं, आणि उत्तर येतं 0.

पोस्टग्रेस या डेटाबेसने गृहीत धरलं होतं की एफसिंक फसलं तर पुन्हा करून पाहावं आणि दुसऱ्यांदा 0 आला की डेटा डिस्कवर पोचला. हे गृहीतक चुकीचं आहे, हे 2018 मध्ये उघड झालं. फेब्रुवारी 2019 मधल्या आवृत्त्यांपासून एफसिंक फसताच पोस्टग्रेस स्वतःला थांबवतं आणि लॉगमधून डेटा पुन्हा उभा करतं. कर्नल याआधीच काहीसा सुधारला होता. 2017 च्या 4.13 आवृत्तीपासून नोंदलेली चूक त्या वेळी फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला कळते. त्याआधी जो पहिला विचारेल त्यालाच ती कळून पुसली जाण्याची शक्यता होती. मॅन्युअलच्या पानावर आता हा खुलासा आहे.

अशा फंक्शनचा ‘रिटर्न’ विभाग मी असा लिहीन: ‘यश आल्यास 0. उणे ई-आयओ: या फाइलचं आधीचं एखादं लेखन फसलं, ते याच डिस्क्रिप्टरमधून झालेलं असेल असं नाही. फसलेली पानं स्वच्छ मानली गेलेली असू शकतात. पुन्हा बोलावल्यावर 0 मिळाला तरी डेटा डिस्कवर आहे असं समजू नये.’ यात कोडचं नाव एकदाच येतं. बाकी सगळं मागे उरलेल्या स्थितीबद्दल आणि पुन्हा प्रयत्न करावा की नाही याबद्दल आहे.

क्लोजबाबतही हाच प्रश्न येतो. लिनक्सवर फाइल बंद करणाऱ्या क्लोजने ई-इंटर, म्हणजे सिग्नलमुळे काम मध्येच थांबल्याचा कोड, दिला तरी डिस्क्रिप्टर सुटलेला असतो. पुन्हा क्लोज केलं, तर तोवर दुसऱ्या थ्रेडने त्याच क्रमांकावर उघडलेली फाइल बंद होऊ शकते. इतर कॉलना ई-इंटर आला की पुन्हा बोलावण्याची सवय इथे घातक ठरते.

कोड कोणाच्या नजरेला पडणार आहे, तेही पाहावं लागतं. एक्स्ट-फोर आणि एक्सएफएस रचना बिघडल्याचं कळवायला ई-युक्लीन, म्हणजे 117, वापरतात. त्याचा पडद्यावर दिसणारा संदेश रचनेला साफसफाई हवी अशा अर्थाचा आहे. त्यावरून डिस्कवरचा मेटाडेटा खराब झाला असेल, असं सामान्य माणसाला कळणं कठीण. 524 हा कोड तर कर्नलच्या आतल्या वापरापुरताच आहे. तो बाहेर निसटला तर प्रोग्रॅमला अनोळखी आकडा दिसतो. ‘ही सोय उपलब्ध नाही’ असं बाहेर सांगायचं असेल तर 95 हा कोड द्यावा.

कर्नलमध्ये पहिला पॅच पाठवू पाहणाऱ्यांना माझं सांगणं आहे की एका फाइल सिस्टिमची एकच फाइल निवडा, कर्नल-डॉकची तपासणी चालवा आणि ‘रिटर्न’ नसलेलं एक फंक्शन घ्या. त्यातल्या प्रत्येक कोडचा उगम शेवटच्या थरापर्यंत शोधा, त्या त्या अपयशानंतर काय उरतं ते कोड वाचून ठरवा आणि मगच कॉमेंट लिहा. अंदाजाने लिहू नका. चुकीची कॉमेंट नसलेल्या कॉमेंटपेक्षा जास्त नुकसान करते.