अंतर्मुख व्यक्तिमत्त्व : ओळख आणि मैत्रीची वाट

प्रास्ताविक

मनुष्य हा समाजशील प्राणी आहे, हे विधान आपण शालेय वयापासून ऐकत आलो आहोत. परंतु समाजात मिसळण्याची रीत प्रत्येकाची सारखी नसते, याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. स्नेहसंमेलनात रंगमंचामागे पडद्याची दोरी धरून उभा राहणारा, सहलीच्या बसमध्ये भेंड्या सुरू झाल्या की खिडकीबाहेर पाहणारा, लग्नघरी पंगतीत वाढण्याचे काम आपणहून अंगावर घेणारा, कारण वाढत असताना फारसे बोलावे लागत नाही, असा एखादा तरी माणूस प्रत्येकाच्या परिचयाचा असतो.

अशा माणसासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. अबोल, मितभाषी, भिडस्त, बुजरा, मुखदुर्बळ, घुमा, एकलकोंडा, तुसडा, शिष्ट, माणूसघाणा, आतल्या गाठीचा अशी ही मालिका आहे. ती बारकाईने पाहिली असता असे दिसते की, यांतील पहिले दोन-तीन शब्द सोडल्यास उरलेले सर्व शब्द दोषारोप करणारे आहेत. एकाच गप्प माणसाला आवडत्या नातेवाइकाने ‘मितभाषी’ म्हणावे आणि नावडत्याने ‘आतल्या गाठीचा’ म्हणावे, हा अनुभव नवा नाही. त्याचे मौन तेच राहते. बदलतो तो ऐकणाऱ्याचा ग्रह.

प्रस्तुत लेखकाच्या हातूनही हा प्रमाद घडलेला आहे. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाच्या चर्चासत्रांचे अंतर्गत मूल्यमापन करताना एका विद्यार्थिनीच्या नावापुढे ‘सहभाग नाही’ असा शेरा मारला गेला व त्यानुसार गुणही कमी दिले गेले. वर्षअखेरीस तिने परत केलेल्या एका संदर्भग्रंथात चार कागद विसरून राहिलेले सापडले. वर्गात झालेल्या प्रत्येक वादाची तीत मांडणी होती आणि दोन आक्षेप तर असे होते की, त्यांचे उत्तर लेखकापाशी नव्हते. गुणांची यादी तोवर रवाना झाली होती. प्रस्तुत लेखामागे या प्रसंगाची टोचणी आहे, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

संकल्पनेचा उगम व विकास

अंतर्मुख आणि बहिर्मुख या संज्ञांना मानसशास्त्रात स्थान मिळवून दिले ते स्विस मनोवैज्ञानिक कार्ल गुस्टाव युंग (१८७५–१९६१) यांनी. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील जर्मन ग्रंथात त्यांनी मानसिक ऊर्जेचा ओघ कोणत्या दिशेने वाहतो, या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान दिले. ज्याचे लक्ष स्वभावतः बाह्य वस्तू, व्यक्ती व घटना यांकडे धावते तो बहिर्मुख. ज्याचे लक्ष त्या घटनेने मनात उमटलेल्या प्रतिमेकडे वळते तो अंतर्मुख. पूर्णतः एकाच प्रकारची व्यक्ती युंग यांनाही अभिप्रेत नव्हती. दोन्ही प्रवृत्ती प्रत्येकात असतात, एकीचे प्राबल्य असते, एवढेच त्यांचे म्हणणे.

युंग यांच्या विवेचनाच्या आधारे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी एक प्रश्नावली तयार केली. मनुष्यस्वभावाचे सोळा प्रकार सांगणारी व चार रोमन अक्षरांत प्रत्येकाचा स्वभाव बसविणारी ही कसोटी आज कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांपासून विवाहेच्छूंच्या परिचयपत्रांपर्यंत पोहोचली आहे. तथापि, काही आठवड्यांनी तीच कसोटी पुन्हा दिल्यास अनेकांचा प्रकार बदलतो, हा तिच्यावरील गंभीर आक्षेप आहे. त्यामुळे ‘मी अमुक प्रकारचा’ हे राशीभविष्याच्या खात्रीने सांगणाऱ्यांनी थोडे सावध राहावे, असे वाटते.

आजचे संशोधन प्रकारांऐवजी मापनश्रेणी मानते. उंचीप्रमाणेच बहिर्मुखताही कमीअधिक प्रमाणात सर्वांत असते, बहुसंख्य माणसे मध्यावर असतात आणि टोकाला थोडी. व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख घटकांच्या सिद्धांतात बहिर्मुखता हा असाच एक घटक आहे. जैविक बाजूने विचार करणारे हान्स आयसेंक यांनी १९६७ मध्ये असे प्रतिपादन केले की, अंतर्मुख व्यक्तीच्या मेंदूची जागृतीची पातळी मुळातच अधिक असते. म्हणून गोंगाट, गर्दी, अनोळखी चेहरे यांची मात्रा तिला लवकर पुरेशी होते व पुढे असह्य होते. या मांडणीस पुढील प्रयोगांतून मिळालेला आधार संमिश्र आहे. आयसेंक यांच्या व्यक्तिमत्त्व व रोग यांच्या संबंधावरील लेखनाबद्दल तर लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०१९ मध्ये चौकशी करून २६ निबंध अविश्वसनीय ठरविले. तो विषय वेगळा असला तरी मोठ्या नावाने दडपून जाऊ नये, एवढा बोध त्यातून घेता येतो. उद्दीपनाच्या मात्रेची मूळ कल्पना मात्र दैनंदिन अनुभवाशी जुळते. चहात एक चमचा साखर पुरणारा माणूस तीन चमचे साखरेचा चहा ठेवून देतो, म्हणून त्याला चहा आवडत नाही असे आपण म्हणत नाही.

हार्वर्डचे जेरोम केगन यांनी १९८९ पासून सुमारे ५०० अर्भकांचा दीर्घकालीन अभ्यास केला. चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, हलती खेळणी व वास यांचा अनुभव दिला असता सुमारे वीस टक्के बाळे जोराने हातपाय झाडू व रडू लागली. सामान्य तर्क असा की, हीच मुले पुढे धीट होतील. प्रत्यक्षात पुढील वयात यांच्यातच सावध व शांत मुलांचे प्रमाण अधिक आढळले. स्वभावाची काही मुळे जन्मतःच असतात हे यावरून दिसते. ‘घरच्यांनी बोलायला शिकवले नाही’ हा आईवर येणारा ठपका निदान थोडा हलका व्हावा.

ओळखताना होणारी गफलत

गप्प बसणारा प्रत्येक माणूस अंतर्मुख नसतो. बुजरेपणा आणि अंतर्मुखता यांत मूलभूत भेद आहे. बुजऱ्या माणसाला लोकांत मिसळावेसे वाटते, पण लोक काय म्हणतील या धास्तीने पाऊल अडते. अंतर्मुख माणसाला धास्ती नसते. त्याला तेवढी गरज वाटत नाही. १९८१ मध्ये चीक व बस या अमेरिकन संशोधकांनी या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजता येतात हे दाखवून दिले.

महात्मा गांधींचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. लंडनमधील शाकाहारी मंडळाच्या सभेत लिहून नेलेले भाषणही त्यांना वाचवेना, मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिल्यावर तोंडून शब्द फुटेना, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. हाच मनुष्य पुढे आयुष्यभर आश्रमांत, माणसांच्या गराड्यात राहिला. बुजरेपणा ओसरला, माणसांची ओढ मुळातच होती. याउलट, सभेत अस्खलित भाषण करून लगेच घर गाठणारे व दार लावून घेणारे प्राध्यापक आपण पाहतो. त्यांना सभेचे भय नाही, सभेनंतरच्या चहापानाचा कंटाळा आहे.

तिसरी शक्यता अधिक गंभीर असून तिची गल्लत जिवावर बेतू शकते. पूर्वी बोलका असलेला विद्यार्थी काही आठवड्यांत अबोल झाला, आवडीच्या गोष्टींतून त्याचे मन उडाले, झोप व भूक बिघडली, तर त्यास ‘स्वभावच आहे’ म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. अंतर्मुखता ही लहानपणापासून सोबत असते; एकाएकी आलेले मौन हे नैराश्याचे लक्षण असू शकते. अंतर्मुख मनुष्य एकांतात रमतो, ताजातवाना होतो. नैराश्यग्रस्ताला एकांतही सुखावत नाही. अशा वेळी समुपदेशक अथवा मनोविकारतज्ज्ञाची मदत घ्यावी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर लावलेला असावा.

खऱ्या अंतर्मुखतेच्या खुणा मौनात शोधण्यापेक्षा बोलण्यात शोधाव्यात. असा मनुष्य प्रश्न विचारल्यावर थांबतो, मग उत्तर देतो. त्या थांबण्याला आपण अज्ञान समजतो. चौघांत तो श्रोता असतो, पण दोघांत बोलतो आणि त्याच्या विषयावर आला तर थांबत नाही. हवापाण्याच्या गप्पा त्याला जड जातात. समारंभानंतर तो थकलेला दिसतो, जरी समारंभ त्याला आवडलेला असला तरी. आणखी एक खूण म्हणजे, आपण वर्षापूर्वी सहज बोलून गेलेली गोष्ट त्याच्या लक्षात असते.

पत्रातील मैत्री : एक उदाहरण

मराठी वाचकाला या संदर्भात जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. धारवाड येथे इंग्रजीचे अध्यापन करणारे हे श्रेष्ठ कथाकार सभा, सत्कार, व्यासपीठ यांपासून कटाक्षाने दूर राहिले. ‘काजळमाया’स मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांनी प्रकाशनदिनांकाचा वाद उद्भवताच परत केला. त्यांच्याभोवती गूढतेचे वलय निर्माण झाले आणि काळ्या चष्म्यामुळे ते अधिकच गडद झाले. दिवंगत व्यक्तीचे दुरून मानसशास्त्रीय निदान करण्याचा अधिकार कोणासही नाही, व तसा हेतूही नाही. परंतु माणूसघाणा म्हणून ज्यांची ख्याती व्हावी, त्यांच्या पत्रांचे खंड पुढे प्रसिद्ध व्हावेत, ही वस्तुस्थिती विचार करावयास लावणारी आहे. वाचलेली पुस्तके, चित्रकला, माणसांचे विक्षिप्त नमुने, मिश्कील थट्टा यांनी ही पत्रे भरलेली आहेत. निवडक पत्रांचा पहिला खंड सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. सुनीताबाईंची पत्रेही ‘प्रिय जी. ए.’ या नावाने ग्रंथरूपात आली.

या मैत्रीचे स्वरूप पाहिले की काही गोष्टी स्पष्ट होतात. पत्राला उत्तर देण्यास वेळ मिळतो. शब्द निवडता येतो, खोडता येतो. समोर चेहरा नसल्याने त्याची प्रतिक्रिया वाचत बसावे लागत नाही. विषय मोठा घेता येतो. सुनीताबाईंसारख्या स्पष्टवक्त्या व स्वतंत्र बुद्धीच्या व्यक्तीने धारवाडच्या घराचे दार ठोठावत न बसता पोस्टाची वाट धरली व ती टिकली. धारवाडच्या माणसाला पुण्या-मुंबईच्या व्यासपीठावर ओढून आणण्याची धडपड इतर अनेकांनी केली, त्यांच्या वाट्याला नकारच आला.

मैत्रीची वाट

पत्रांचे दिवस सरले असले तरी त्यामागील तत्त्व शिल्लक आहे. अंतर्मुख व्यक्तीशी स्नेह जोडताना समोरासमोर बसून ‘बोला, काहीतरी सांगा स्वतःविषयी’ असे म्हणणे सर्वांत निरुपयोगी. त्याऐवजी एखादे काम बरोबर करावे. ग्रंथालयातील कपाट लावणे, गडावर चालणे, प्रयोगशाळेतील नोंदी घेणे, भाजी निवडणे अशा कामांत नजर कामावर असते, मौन अवघड होत नाही आणि बोलणे आपोआप निघते. वसतिगृहातील कित्येक जन्माच्या मैत्री मेसच्या गोंगाटात नव्हे, तर रात्री गच्चीवर कपडे वाळत घालताना जमलेल्या असतात.

वेळही द्यावा लागतो. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार साध्या ओळखीचे रूपांतर जुजबी मैत्रीत होण्यास सुमारे ५० तास, मैत्रीत होण्यास सुमारे ९० तास आणि घनिष्ठ मैत्रीत होण्यास २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात. हे आकडे सर्वसाधारण माणसांचे आहेत. अंतर्मुख माणूस हे तास सलग देत नाही. तो हप्त्याहप्त्याने देतो. म्हणून दोन बोलावणी नाकारली गेल्यास तिसरे थांबवू नये, मात्र आग्रहही करू नये. ‘आम्ही रविवारी तळ्यावर जाणार आहोत, चौघेच आहोत, आलास तर आनंद होईल’ एवढे पुरे. किती जण येणार व किती वाजता परतणार हे आधी कळले की त्याचे अर्धे ओझे उतरते. अचानक घरी धडकणे, चारचौघांत ‘हा बघा, आज बोलला!’ अशी थट्टा करणे, त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मंडळींत खुलवून सांगणे यांपैकी शेवटच्या गोष्टीला क्षमा क्वचितच मिळते.

त्याला ‘सुधारण्याचा’ मोहही आवरावा. या बाबतीतील संशोधन गुंतागुंतीचे आहे. बहिर्मुखाप्रमाणे वागून पाहिल्यास अंतर्मुखांनाही त्या वेळी आनंद वाटतो आणि तो आनंद ते आधी कमी लेखतात, असे काही प्रयोगांत दिसले. परंतु मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठवडाभर तसे वागावयास सांगितले असता अधिक अंतर्मुख असलेल्यांना तो लाभ कमी मिळाला, थकवा आला आणि आपण खोटे वागत आहोत असे वाटले. तासाभराचे निमंत्रण आणि आठवडाभराची सक्ती यांतील हा फरक आहे.

मैत्री दुहेरी असते, त्यामुळे काही भार अंतर्मुखानेही उचलला पाहिजे. फोन न उचलणे, संदेशाला आठवडाभर उत्तर न देणे याचा अर्थ समोरचा आपल्या परीने लावतो आणि तो बहुधा अपमानाचा असतो. ‘आज दमलो आहे, उद्या बोलू’ ही एक ओळ पाठवण्यास फार सामर्थ्य लागत नाही.

वर्गापुरते बोलायचे तर, उपरोक्त प्रसंगानंतर प्रस्तुत लेखकाने चर्चासत्राचा प्रश्न आदल्या दिवशी फळ्यावर लिहिण्यास व प्रत्येकाकडून अर्ध्या पानाचे टिपण आधी घेण्यास प्रारंभ केला. चर्चेच्या दिवशी प्रथम दोघादोघांत पाच मिनिटे बोलणे, नंतर सर्वांत. हात वर करणाऱ्यांची संख्या त्यामुळे फार वाढली असे नाही. पण ‘सहभाग’ या रकान्यात आता टिपणाचेही गुण धरले जातात, आणि प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजण्याची सवय लेखकाने स्वतःला लावून घेतली आहे. सातपर्यंत वर्ग अस्वस्थ होतो. आठ-नऊच्या सुमारास मागच्या बाकावरून कोणीतरी बोलू लागते.