दोर तुटला तर? ग्लायडरकडून शिका धंद्याचं टेक-ऑफ

पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडरला इंजिन नसतं. जमिनीवरचं विंच लांब दोर वेगात गुंडाळतं आणि ग्लायडर वर चढतं. खरा धोका याच काही सेकंदांत असतो. नाक वर असताना दोर तुटला, की वेग झपकन उतरतो. पायलटने लगेच नाक खाली करून वेग परत मिळवायचा. तेव्हा विचाराला वेळ नसतो, म्हणून हे जमिनीवरच पक्कं केलेलं असतं.

विमान नवीन असेल, तर मुरलेला माणूसही चुकतो. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत बोइंगचं मॉडेल 299 उडताच कोसळलं. चालवणारे लष्कराचे निष्णात टेस्ट पायलट होते. फक्त कंट्रोलचं लॉक काढायचं राहिलं आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतर वैमानिकांच्या हाती चेकलिस्ट आली.

उंद्रीत दहा वर्षं किराणा चालवला, म्हणून मिरची कांडप आपोआप जमेल असं नाही. सुरू करण्याआधी तीन गोष्टी करा:

1. मशीन बंद असताना प्रत्येक बटण ओळखा.
2. रोजची तपासणी भिंतीवर लावा.
3. गिऱ्हाईक कमी आलं, तर हप्ता कुठून भरणार ते वहीत लिहा.

अनुभव कामाचाच, पण नव्या मशीनपुढे आपण पहिल्या दिवसाचे शिकाऊच!