साखर, मीठ आणि माप

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव टेकडीवरील शेख फरीद यांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध आहे. टेकडीवर विखुरलेल्या गोल दगडांविषयी एक कथा सांगितली जाते. फकिराची चेष्टा करणाऱ्या दोघा व्यापाऱ्यांचा सारा माल म्हणे दगड होऊन गेला! कथेच्या खरेखोटेपणात शिरण्याचे कारण नाही. परंतु गिरडसारख्या गावात कोणत्याही किराणा दुकानी मिळणाऱ्या साखर आणि मीठ या दोन जिनसांचेही काहीसे तसेच झाले आहे. त्यांतून घरच्या घरी तयार होणारी जलसंजीवनी अनेक घरांत वेळेवर मुलाच्या ओठी लागत नाही.

अतिसारात मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नुसते पाणी पाजून ही झीज भरून येत नाही. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आतड्यात शोषले जाते आणि त्यामागून पाणी जाते, ही यंत्रणा रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली मांडली. तिची कठोर कसोटी 1971 मध्ये लागली. बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली होती आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. सात वर्षांनी ‘लॅन्सेट’ने या उपचाराच्या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते मात्र 2023 साली, मरणोत्तर.

संगणकावरील खेळात दोन वस्तू एकत्र केल्या की नायकाला शक्ती देणारे पेय हमखास तयार होते. येथे तसे नाही. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे माप चुकता कामा नये. मीठ जास्त झाले तर तेच पेय मुलाला अपाय करते. सरकारी पुडीचेही असेच. एक लिटरची पुडी पेल्याभर पाण्यात रिकामी केली, तर औषधाचा हेतूच फसतो. मूल सुस्त पडले वा काहीच पिईनासे झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठला पाहिजे.

आता प्रश्न अर्थशास्त्राचा. ज्या ज्ञानाची किंमत जवळजवळ शून्य आहे, ते विकण्यात कोणालाही लाभ नाही; म्हणून बाजार ते शिकवीत नाही. बाजार शिकवतो बाटली. ‘ओआरएस’ ही अक्षरे मिरवणारी गोड पेये आपल्या औषध दुकानांत वर्षानुवर्षे विकली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावांतून ही अक्षरे काढावीत, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाला 2025 च्या ऑक्टोबरात काढावा लागला. उशिरा का होईना, तो निघाला.

बांगलादेशाने निराळी वाट धरली. ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या 1980 ते 1990 या दशकात एक कोटीहून अधिक घरी गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, असे माप त्यांनी आयांना हाताने करून दाखविले. खरी खुबी वेतनात होती. नंतर तपासनीस काही घरी जात आणि आईला जितके आठवे, तितका शिकविणारीचा मोबदला ठरे. पैसे भेटींचे नव्हते, उरलेल्या ज्ञानाचे होते!

आपल्याकडे आशा कार्यकर्त्या घरोघरी पुड्या पोचवितात, हे काम लहान नव्हे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2019-21 मध्ये अतिसार झालेल्या मुलांपैकी सुमारे 61 टक्क्यांनाच जलसंजीवनी मिळाली. उरलेल्या 39 टक्क्यांच्या घरी साखर-मीठ नव्हते, असे कोण म्हणेल? पुड्यांच्या वाटपाचा हिशेब ठेवला जातो, तसा माप किती आयांना येते याचाही ठेवावा लागेल आणि त्यानुसार आशांना वाढीव मानधन द्यावे लागेल. शाळांनाही हे अवघड नाही. विज्ञानाच्या एका तासात, पाणी, साखर, मीठ आणि चमचा समोर ठेवून, सातवीच्या प्रत्येक मुलाकडून एक लिटर जलसंजीवनी करून घेता येईल. खर्च फार तर काही रुपये. पावसाळ्यात अतिसाराची साथ येते, तेव्हा शाळा सुरू होताच पहिल्याच आठवड्यात हा तास व्हावा.