बोट ठरवेल तसं!

पाच दिवसांची रजा, एकुलती एक बोट आणि जवळपास कळसूबाईएवढा डोंगर... सामोथ्राकी नावाच्या रांगड्या ग्रीक बेटाचा प्लॅन करताना काय धरायचं आणि काय सोडायचं?

ग्रीस म्हटलं की काय आठवतं? पांढऱ्याशुभ्र भिंती, निळे घुमट, समुद्रात बुडणारा सूर्य आणि त्याच्यासमोर पोझ देऊन उभं राहिलेलं एखादं नवं जोडपं. सुंदर आहे, प्रश्नच नाही! पण आमच्या त्रिकुटाला (मी, नवरा आणि त्याचा कॉलेजपासूनचा ट्रेकर मित्र) काहीतरी हटके हवं होतं. डोंगर हवा, झाडी हवी, गोडं पाणी हवं आणि हॉटेलच्या दारात टूर बसेसची रांग नको. रजा मात्र पाचच दिवसांची. मागचापुढचा वीकएण्ड जोडला की नऊ दिवस.

शोधता शोधता सापडलं सामोथ्राकी. इंग्रजी पुस्तकांतलं सॅमोथ्रेस ते हेच. एजियन समुद्राच्या अगदी उत्तरेच्या कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या बाजूला. क्षेत्रफळ जेमतेम १७८ चौरस किलोमीटर, वस्ती तीन हजारांच्या आत. विमानतळ नाही. इतकंच काय, बेटाला पूर्ण गोल फिरणारा रस्तासुद्धा नाही! उत्तरेचा रस्ता किपोसच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर संपतो, दक्षिणेचा पाखिया आमोसच्या वाळूवर. दोघांच्या मध्ये कडे आहेत आणि तिथला एक धबधबा थेट समुद्रात कोसळतो. तो बघायचा तर बोटीतूनच.

म्हटलं, हेच ते!

कळसूबाई, पण समुद्रापासून

बेटाच्या मधोमध साओस हा डोंगर आहे. त्याचं सर्वांत उंच शिखर फेंगारी, म्हणजे चंद्र. उंची १,६११ मीटर. आपली कळसूबाई १,६४६. ‘म्हणजे कळसूबाईच की!’ असं म्हणून आमच्या ट्रेकर मित्रानं तिथल्या तिथे बूट घासायला काढले. पण थांबा. कळसूबाईला आपण बारी गावातून चढायला लागतो आणि बारी मुळातच समुद्रसपाटीपासून बरंच वर आहे. फेंगारीची नेहमीची वाट थेर्मा गावातून निघते आणि थेर्मा आहे जवळजवळ समुद्राला टेकून. म्हणजे पूर्ण सोळाशे मीटर पायांनीच मोजायचे. शिड्या नाहीत, रेलिंग नाही, लिंबूसरबतवाली मावशी तर नाहीच! खालच्या टप्प्यात ओकची झाडी, वर नुसते खडक. चढ-उतार मिळून सबंध दिवस जातो. त्यात ढग उतरले तर वाट सापडणं कठीण. तेव्हा मोकळं आभाळ असेल तरच जायचं, हे पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं.

या शिखराची कीर्ती जुनी आहे बरं का. होमरच्या ‘इलियड’मध्ये समुद्रदेव पोसायडन याच शिखरावर बसून ट्रॉयचं युद्ध बघतो. देवांचीसुद्धा बाल्कनी सीट!

खुनी ओढा आणि चिनाराची सावली

एजियनमधली बरीचशी बेटं उन्हाळ्यात रखरखीत असतात. सामोथ्राकीचं उलट. डोंगरातून ओढे खाली धावतात आणि वाटेत खडकांत डोह करत जातात. त्यांना तिथे ‘वाथ्रा’ म्हणतात. थेर्मापासून थोडंसं चाललं की ‘ग्रिया वाथ्रा’, म्हणजे म्हातारीचा डोह. पण सगळ्यांत नावाजलेला ओढा म्हणजे फोनियास. या शब्दाचा अर्थच मुळी ‘खुनी’! पावसाळी दिवसांत तो असा काही उफाळतो की नाव सार्थ वाटावं. उन्हाळ्यात मात्र काठानं चिनारांच्या सावलीत रमतगमत चालत जायचं. होय, चिनारच, आपल्या काश्मीरमधला. पुढे पहिला डोह आणि धबधबा. पाणी बर्फासारखं गार. आणि मग थेर्माला परत येऊन गंधकाच्या गरम झऱ्यात पाय सोडून बसायचं. स्पाला हजारो रुपये मोजणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

पंखांची देवी

नवऱ्याला यातलं काही नको होतं. त्याला हवी होती ‘नाइके’. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये जिन्याच्या माथ्यावर एक पुतळा आहे. डोकं नाही, हात नाहीत, पण पंख असे पसरलेले की आत्ता झेपावेल. विजयाची ही देवी इथली! १८६३ मध्ये शार्ल शांपुआझो या फ्रेंच अधिकाऱ्याला ती इथे तुकड्यांमध्ये सापडली आणि ती पॅरिसला गेली ती गेलीच. बेटावरच्या म्युझियममध्ये आज तिची प्रतिकृती आहे.

पण तिची मूळ जागा पालिओपोलीला अजून आहे: थोर देवांचं तीर्थ. इथे गुप्त दीक्षा दिली जायची. आत काय होतं हे बाहेर बोलायची बंदी, आणि लोकांनी ती अशी काही पाळली की आजही अभ्यासकांना तपशील जोडावे लागतात! दीक्षा कोणालाही मिळायची. बाई, पुरुष, गुलाम, राजा, कुणालाही. मिळवायचं काय, तर मुख्यतः समुद्रावर रक्षण. अलेक्झांडरचे आईवडील, ऑलिंपियास आणि दुसरा फिलिप, इथेच दीक्षेच्या वेळी भेटले असं प्लुटार्क सांगतो. झाडीत उभे केलेले पाच खांब आणि समोर समुद्र... या जागेला अर्धा दिवस तरी हवाच.

सगळं बोटीवर

आता मुद्द्याचं. बेटावर जायचं कसं? मुंबईहून अथेन्स, तिथून तासाभराच्या विमानानं अलेक्झांड्रूपोली, आणि तिथल्या बंदरातून साधारण दोन-अडीच तासांची फेरी. उतरायचं कामारिओतिसाला.

आमच्या प्रोजेक्टवर एक ग्रीक कलीग आहे. आमची रंगीत एक्सेल शीट बघून तो मनसोक्त हसला. म्हणाला, आधी परतीची बोट बघा, मग तिच्या मागे दोन दिवस मोकळे सोडा, आणि उरलं त्यात बेट बसवा. कारण वारा जोरात सुटला की बंदरखातं बोटी थांबवतं. तिथे कुणाचंही काही चालत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तर बोटीच नादुरुस्त झाल्या आणि ऐन सीझनमध्ये शेकडो पर्यटक गाड्यांसकट बेटावर अडकून पडले होते.

आपल्यासाठी याचा अर्थ काय? चुकलेलं विमान, बॉसचा फोन आणि खिशाला चाट. पण त्यानं पुढे जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जाईना. तुम्ही अडकलात तर दोन दिवसांनी सुटाल, तिथली माणसं कायमच त्या बोटीवर आहेत. माल बोटीनं, पाहुणे बोटीनं. गंभीर आजारी माणसालाही पलीकडे न्यावं लागतं. आपण बफर डे म्हणतो, ते त्यांचं रोजचं जगणं.

आणखी एक गोष्ट. बेटावर माणसांपेक्षा शेळ्यामेंढ्या कितीतरी पट जास्त आहेत. मोकाट चरून चरून त्यांनी डोंगराचे उतार उघडे केलेत. सप्टेंबर २०१७ मध्ये प्रचंड पाऊस झाला तेव्हा मातीदगड घेऊन पाणी थेट खोरा या मुख्य गावात घुसलं, रस्ते वाहून गेले. ‘वाइल्ड’ हा शब्द ब्रोशरमध्ये छान दिसतो. तिथे राहणाऱ्याला तो निस्तरावा लागतो.

आमचा फायनल प्लॅन

म्हणून आम्ही बेट चार रात्रींवर आणलं आणि यादीला कात्री लावली.

शुक्रवार : ऑफिस उरकून रात्रीचं विमान.

शनिवार : अथेन्सवरून अलेक्झांड्रूपोली. मुक्काम तिथेच. त्याच दिवशी बोट गाठायची धावपळ नाही.

रविवार : बोट, मग थेर्मा. संध्याकाळी म्हातारीचा डोह.

सोमवार : पालिओपोली आणि म्युझियम. परतताना खोरा. चाच्यांच्या भीतीनं समुद्रावरून दिसणार नाही असं वसवलेलं गाव.

मंगळवार आणि बुधवार : यातल्या ज्या दिवशी आभाळ मोकळं, त्या दिवशी फेंगारी. उरलेला दिवस कोरा. वाटलं तर फोनियास, वाटलं तर पाखिया आमोस, नाहीतर चिनाराखाली टाइमपास.

गुरुवार : परतीची बोट. ती नाही सुटली तर शुक्रवारची.

शुक्रवार : अथेन्स, मुक्काम.

शनिवार : परतीचं विमान. रविवारी घरी, कपडे मशिनमध्ये.

दोन्ही दिवस ढग राहिले तर फेंगारी नाही. यावर ट्रेकर मित्र दोन दिवस बोलला नाही. मग स्वतःच म्हणाला, ‘सह्याद्रीत पावसानं किती वेळा परत फिरवलंय आपल्याला? तिथे रडलो का?’ विषय संपला!

तुम्हीपण निघताय?

कधी : जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते आणि ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा जोरात असतो.

व्हिसा : शेंगेन. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी फी ९० युरो. निदान ३०,००० युरोंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच. प्रवास लांबला तर पॉलिसी काय देते, ती बारीक अक्षरं आधी वाचा. व्हिसाचे दिवसही एकदोन जास्त मागा.

फिरणं : बस असते, पण मोजकी. गाडी किंवा स्कूटर भाड्यानं घ्यायची तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच आरटीओतून काढून न्या.

खाणं : प्रोफितिस इलियास गाव बोकडाच्या मटणासाठी प्रसिद्ध. शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा, ‘निस्तीसिमा’. म्हणजे उपवासाचे पदार्थ! ग्रीक चर्चच्या उपवासाला मटण, अंडं, दूध चालत नाही. कोळंबी मात्र चालते, तेव्हा ताटात काय आहे ते विचारून घ्या.

सोबत : चांगले ट्रेकिंग शूज, विंडचीटर, थोडी रोख रक्कम, ऑफलाइन नकाशा. इमर्जन्सी नंबर ११२. डोंगरावर जाताना जिथे उतरलात तिथे सांगून जा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शीटमधला एक दिवस कोरा ठेवा. आम्ही त्या रकान्याला नाव दिलंय, ‘वाऱ्याचा दिवस’. नऊ ते सहाच्या आयुष्यात आपल्या मर्जीचा दिवस मिळणं कठीण, हे खरं. पण कुणाच्याच मर्जीचा नसलेला दिवस तर मिळतच नाही. तो मिळावा म्हणून एवढ्या लांब जायला काय हरकत आहे?