उंबऱ्यावरची परीक्षा

तिसरीतली मुलगी घराच्या उंबऱ्यावर बसलेली असते. समोर कॉलेजात जाणारा एक पोरगा, त्याच्या हातात एक कागद. कागदावर चार चौकटी: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. आपल्याला वाटतं, सुरुवात अक्षरांपासून होईल. तसं नाही. आधी उतारा. तो धड वाचला तर गोष्ट पुढे करायची, अडखळली तर शब्दांकडे यायचं. कोणते पाच शब्द वाचायचे ते तिनंच ठरवायचं. त्यातले चार बरोबर आले की ती ‘शब्द’ पातळीवर. तेही जमलं नाही तर अक्षरं. उताऱ्यात तीन चुका माफ, पण वाण्याची यादी वाचल्यासारखा एकेक शब्द तोडून वाचलेला उतारा धरला जात नाही. एव्हाना दारात आजी, काकू, शेजारची चार पोरं गोळा झालेली असतात. काकू हळूच उत्तर पुरवते. तिला गप्प करणं हाही त्या पोराच्या कामाचाच भाग.

हा ‘असर’चा कागद. २००५ साली ‘प्रथम’ या मुंबईत जन्मलेल्या संस्थेनं देशभरच्या ग्रामीण भागात ही पाहणी सुरू केली. घरोघरी जाऊन, शाळेच्या पटावर नाव असो वा नसो, मुलाला वाचता येतं का ते पाहायचं. २०२४च्या फेरीत ६०५ जिल्ह्यांतली १७,९९७ गावं आणि सुमारे साडेसहा लाख मुलं होती. तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली, त्यांचं प्रमाण २०१८ साली २७.३ टक्के होतं. करोनानंतर, २०२२ मध्ये ते २०.५वर घसरलं आणि २०२४ मध्ये २७.१वर आलं. म्हणजे सहा वर्षं धडपडून आपण होतो तिथंच परत.

या आकड्यांवर दर वेळी अग्रलेख येतात. मला कुतूहल आहे ते हा कागद हाती घेणाऱ्या माणसांचं. मुलांना वाचायला शिकवण्याचा वसा घेतलेल्या संस्था चालवतं कोण, आणि त्यांना पारखायचं कशावरून?

‘प्रथम’च्या सुरुवातीच्या मंडळींत शाळामास्तर जवळजवळ नव्हतेच. माधव चव्हाण हे रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतले आणि माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकवू लागले. वडील यशवंत चव्हाण हे लाल निशाण पक्षाचे नेते, त्यामुळे मोर्चे, पत्रकं आणि बैठका घरातच. १९८९च्या सुमारास साक्षरता अभियानाच्या निमित्तानं माधव चव्हाण मुंबईतल्या वस्त्यांत प्रौढांच्या वर्गात उतरले. त्या कामातून ‘कोरो’ ही संस्था उभी राहिली. फरीदा लांबे निर्मला निकेतनमध्ये समाजकार्य शिकवत. रुक्मिणी बॅनर्जी अर्थशास्त्राच्या. ऑक्सफर्ड आणि शिकागो करून १९९६ साली इथं आल्या. अध्यक्ष म्हणून लाभले आयसीआयसीआयचे नारायणन वाघुल, म्हणजे बँकर. युनिसेफ आणि मुंबई महापालिका यांच्या पुढाकारातून १९९४-९५ मध्ये हे गाडं सुरू झालं. डीएड न झालेल्या माणसांना एक सूट असते: शाळा ‘अशीच चालते’ हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

पहिलं काम बालवाड्यांचं. मुंबईत जागा कुठून आणणार? संस्थेनं जागा भाड्यानं घ्यायचीच नाही असं ठरवलं. देवळाचा ओटा, गणेश मंडळाचं ऑफिस, नाहीतर बाईंची स्वतःची खोली, मिळेल तिथं बालवाडी. बाई त्याच गल्लीतली, दहावी-बारावी झालेली. आईनं भांडी घासताघासता खिडकीतून पाहावं, इतक्या अंतरावरची शाळा. इमारत नसल्यामुळे ती झपाट्यानं पसरली, आणि इमारत नसल्यामुळेच ती कुणाच्या नजरेत भरली नाही.

आपल्याकडे ही रीत अगदीच नवी नव्हे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं शाळेत येईनात, गुरं राखायला जात. म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. चव्हाणांच्या मंडळींनी हेच मुंबईच्या गल्लीत केलं, फक्त हिशेबाची वही जास्त काटेकोर ठेवली.

त्या वहीनंच पुढे घोळ घातला, चांगल्या अर्थानं. पालिका शाळेतली तिसरी-चौथीची पुष्कळ मुलं वाचू शकत नाहीत असं दिसलं, तेव्हा ‘बालसखी’ आली. वस्तीतलीच तरुण मुलगी, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. वर्गात मागे पडलेली वीसेक मुलं ती रोज दोन तास बाजूला घेऊन बसायची, कधी रिकाम्या खोलीत, कधी व्हरांड्यात. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. मुंबई आणि बडोद्यातल्या या उपक्रमाचं २००१ ते २००३ या काळात काही अर्थतज्ज्ञांनी मोजमाप केलं. त्यांत अभिजित बॅनर्जी (आई निर्मला, माहेरच्या पाटणकर, म्हणजे आपल्याकडच्याच) आणि एस्थर डुफ्लो होते. २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या प्रकारच्या प्रयोगांसाठी मिळालं, त्यांतला हा सुरुवातीचा. दुसऱ्या वर्षाअखेर बालसखीच्या शाळांतल्या मुलांचे गुण ०.२८ प्रमाण विचलनानं वर गेले, आणि हा फायदा मुख्यतः तळातल्या मुलांच्या पदरात पडला. ती वीस मुलं बाहेर गेल्यावर ज्यांचा वर्ग आटोपशीर झाला, त्या मुलांना मात्र काही फरक पडला नाही. पटसंख्या कमी करा म्हणजे सगळं सुरळीत होईल, असं मानणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मीही तसं मानत असे.

या मोजमापावरचा निबंध जगभर पोचला. पाचशे रुपयांवर काम करणाऱ्या त्या मुलींची नावं मात्र त्यात कुठं नाहीत. असे निबंध असेच असतात, मान्य. तरी हे खटकतं.

मग शिकवण्याची रीत बसली. आपल्या भाषांत तिच्या नावाचा उच्चार ‘कमाल’ होतो. इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून तो जुळवून आणला आहे. मुलाची इयत्ता विसरायची. तिसरी, चौथी, पाचवीची सगळी मुलं एकत्र करून, त्या कागदावर जो जिथं अडला तिथं त्याचा गट. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे. मधोमध बाराखडीचा तक्ता. बाराखडी म्हटलं की आपल्याला घोकंपट्टी आठवते, आणि ते खोटं नाही. ‘क का कि की’ घडाघडा म्हणणारा पोरगा ‘मीठ’ या शब्दापाशी येऊन थबकतो, कारण त्यानं चाल पाठ केलेली असते, खुणा नव्हे. इथं बोट तक्त्यावर फिरतं. ‘म’च्या ओळीत ‘मी’ शोध, ‘ठ’च्या ओळीत ‘ठ’ शोध, आता जोड. शेजारी गोष्ट मोठ्यानं वाचली जाते, तिच्यावर गप्पा होतात, जमिनीवर खडूनं हवं ते लिहायला मिळतं. जुनं हत्यार फेकून न देता त्याची मूठ बदलली. गल्लीतली ताई हे आठवडाभरात शिकू शकते, आणि तेच खरं महत्त्वाचं.

इथवर यशोगाथा. दिवाळी अंकातले लेख बहुधा इथंच थांबतात. ‘प्रथम’ची मंडळी मला महत्त्वाची वाटतात ती यापुढच्या भागासाठी.

२००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत प्रयोग झाला. काही गावांत नुसत्या सभा घेऊन शिक्षणाची स्थिती सांगितली. काहींत गावकऱ्यांनाच मुलांची चाचणी घ्यायला शिकवलं, आणि काहींत त्यावर स्वयंसेवकांचे वाचनवर्ग. सभांनी काहीच हललं नाही. वर्गांना जी मुलं गेली ती झपाट्यानं पुढे सरकली, पण वर्गाला गेलीच जेमतेम आठ टक्के. त्यानंतर बिहार आणि उत्तराखंड. सरकारी शिक्षकांना हीच रीत शिकवली, पुस्तकं दिली. बिहारमध्ये २००८च्या उन्हाळी शिबिरात त्याच सरकारी शिक्षकांनी मुलांना पुढे नेलं. जूनचं शिबिर संपून शाळेचं वर्ष लागलं, आणि तेच प्रशिक्षण, तीच पुस्तकं असूनही फरक शून्य. उत्तराखंडात तर संस्थेनं दिलेले स्वयंसेवकही शाळेनं मदतनीस म्हणून वर्गावर लावले आणि सगळं पाण्यात गेलं.

असं का? शिक्षक नालायक म्हणावे तर तेच उन्हाळ्यात चालले होते. कारण साधं, कुठल्याही शिक्षकाला विचारा: पोर्शन. पाचवीचं पुस्तक मार्चपर्यंत संपवायचं असतं; साहेब आले की धडा कितवा चालला आहे ते विचारतात, कोणाला वाचता येतं ते नव्हे. पुढे हरियाणात वेळापत्रकातच रोजचा एक तास राखून ठेवला, वरिष्ठांना देखरेखीला लावलं, तेव्हा सरकारी शिक्षकांच्याच हातून हिंदी वाचन सुधारलं. उत्तर प्रदेशात शाळेच्या आवारातच दहा-दहा दिवसांची शिबिरं घेतली, तिथं फरक सगळ्यांत मोठा पडला.

हे सगळं, फसलेल्यासकट, छापून आलं. स्वतःची नापास उत्तरपत्रिका दारावर लावणाऱ्या किती संस्था तुम्हाला माहीत आहेत? देणगीदारापुढे हसऱ्या मुलांचे फोटो ठेवणं सोपं असतं. बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावून ‘आमचं काय फसलं ते मोजा’ म्हणणं, आणि उत्तर आल्यावर कार्यक्रम बदलणं, याला मी नेतृत्व म्हणतो. पुरस्कार झाले, चव्हाणांना २०१२चा वाइझ पुरस्कार, बॅनर्जींना २०२१चा यिदान पुरस्कार. त्याहून मोलाची गोष्ट २०१५ साली फारशा गाजावाजाविना झाली: मुख्याधिकारीपद चव्हाणांकडून बॅनर्जींकडे गेलं. आपल्याकडे संस्थापकाची खुर्ची बहुधा तसबिरीला हार चढल्यावरच रिकामी होते.

पण ही एकच वाट आहे असं समजू नये. साताऱ्याकडे फलटणला याच्या उलट टोकाचं काम झालं. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतल्या मिशिगनच्या, भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या मराठीत जातीपातीचे थर कसे ऐकू येतात यावर त्यांनी प्रबंध लिहिला, गावातच राहिल्या आणि १९७८ साली भारतीय नागरिक झाल्या. प्रबंधासाठी ज्यांची बोली टिपली, त्याच वस्त्यांतली मुलं शाळेत जाऊनही वाचू शकत नाहीत हे त्यांना दिसत होतं. १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली, १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा. पुढे ती धुरा डॉ. मंजिरी निंबकर यांनी उचलली. त्याही मूळच्या शिक्षिका नव्हेत, वैद्यकीय डॉक्टर.

फलटणचा भर झटपट शिबिरावर नव्हता. मुलाची घरची बोली वर्गात आली पाहिजे, ‘पानी’ म्हणणाऱ्याला पहिल्याच दिवशी ‘पाणी’साठी टोकायचं नाही, आणि अक्षरं अ ते ज्ञ अशा रांगेनं न देता थोडी अक्षरं नि एखादं स्वरचिन्ह एकत्र द्यायचं. म, क, ल आणि काना हाती आला की मामा, काका, काम, माल, कमाल एवढे शब्द त्याच दिवशी मुलाचे होतात (उदाहरण माझं, तत्त्व त्यांचं). ‘अ अननसाचा’ म्हणत ‘ज्ञ’पर्यंत पोचायला आपल्याला किती महिने लागले होते ते आठवा. वाडा तालुक्यात सोनाळ्याला नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’नं २००७पासून आदिवासी मुलांसोबत जे चालवलं आहे, तेही या कुळातलं: सावकाश, खोल, शिक्षकाला सोबत घेऊन.

फलटणकरांना एक तालुका नीट करायला चाळीस वर्षं लागली असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मला या दोन्ही घरांत भांडण दिसत नाही, पण एक तक्रार दोघांपुढे ठेवावीशी वाटते. वाचन शिकवण्याचं काम जिच्या जिवावर चालतं ती गल्लीतली ताई, वाडीतली सेविका, आजही ‘मानधना’वर आहे. पगार आणि मानधन यांतला फरक तिला विचारा. संस्थांनी तिच्यावर विश्वास टाकला, हे त्यांचं मोठेपण. सरकारनं त्या विश्वासाचा अर्थ ‘स्वस्तात होतं’ असा लावला.

सरकार जागं झालं तेही याच कागदामुळे. सुरुवातीला अनेक राज्यं असरचे आकडे नाकारत. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं पायाभूत वाचन आणि गणित हे पहिलं काम ठरवलं, आणि २०२१च्या ‘निपुण भारत’ अभियानानं तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं यासाठी २०२६-२७ची मुदत घातली.

आता तुमच्याकडे वळतो. हा लेख वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांची नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत. असरचा मराठी कागद असर केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. भाऊबीजेला घर भरलेलं असेल, तेव्हा पाचवी-सहावीतल्या पोराला फराळाच्या ताटाशेजारी बसवा आणि तो उतारा त्याच्यासमोर धरा. पाच मिनिटं लागतात. काकूला मात्र मध्ये बोलू देऊ नका.